‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असेल तर साखरही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोटात दुखते म्हणून सोनोग्राफी केली जाते. मुतखडा निघत नाही, पित्ताशय स्वच्छ असते, पण रिपोर्टच्या तळाशी ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ अशी एक ओळ असते. ‘हे हल्ली सगळ्यांनाच असतं, तेलकट कमी खा’ एवढ्या सल्ल्यावर रिपोर्ट कपाटात जातो. त्याच माणसाच्या वर्षापूर्वीच्या रक्ततपासणीत उपाशीपोटीची साखर १०८ आलेली असते आणि तेव्हाही ‘बॉर्डरलाइन आहे, गोड जपून खा’ एवढेच सांगून झालेले असते. हे दोन कागद शेजारी ठेवून कुणी वाचत नाही. मधुमेह आणि यकृतविकारांच्या रुग्णांबरोबर काम करणारे आम्ही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ हे पत्र एवढ्यासाठीच लिहीत आहोत, की या दोन्ही ओळी एकाच बिघाडाच्या आहेत आणि तो बिघाड याच टप्प्यावर मागे फिरवता येतो.

‘रात्री गोडाचा कणही खाल्ला नाही, मग सकाळी उपाशीपोटी साखर ११२ कशी?’ हा प्रश्न अनेकांना पडतो. ती साखर जेवणातली नसते, यकृताने सोडलेली असते. आपण झोपलेलो असताना मेंदूला साखर लागतेच आणि ती पुरवणे हे यकृताचे काम. साठ किलो वजनाच्या निरोगी माणसाचे यकृत तासाला साधारण ७ ग्रॅम साखर रक्तात सोडते, म्हणजे आठ तासांच्या झोपेत ५५ ते ६० ग्रॅम. अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून कोणत्याही क्षणी असते ती जेमतेम ५ ग्रॅम. यावरून लक्षात येईल, की यकृताने सोडण्याचा वेग थोडा जरी वाढला तरी सकाळचा आकडा चढणार. हा वेग आवरून धरते ते इन्सुलिन. यकृताच्या पेशींत चरबी साठू लागली की इन्सुलिनचा संदेश पेशीच्या आत नीट पोहोचत नाही. ‘साखर बनवणे थांबव’ हा भाग अडतो, ‘चरबी बनव’ हा भाग मात्र सुरूच राहतो. म्हणून अशा माणसाची साखर आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) दोन्ही हातात हात घालून वाढतात.

पुढे चक्र सुरू होते. साखर आवरण्यासाठी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. एरवी यकृत त्यातला मोठा वाटा पहिल्याच फेरीत मोडून टाकते. चरबीने भरलेल्या यकृताला तेही नीट जमत नाही, त्यामुळे रक्तातले इन्सुलिन चढेच राहते आणि चढ्या इन्सुलिनमुळे यकृतात आणखी चरबी तयार होते. जास्तीची चरबी रक्तावाटे बाहेर पडून स्वादुपिंडातही बसू लागते आणि तिथल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. हा सिद्धान्त ब्रिटनमधील न्यूकॅसलच्या प्रा. रॉय टेलर यांनी २००८ मध्ये मांडला. २०११ मध्ये त्यांच्या गटाने टाइप २ मधुमेहाच्या ११ रुग्णांना आठ आठवडे रोज साधारण ६०० कॅलरींवर ठेवले. सातच दिवसांत यकृतातली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची साखर सर्वसामान्य पातळीवर आली. हा प्रयोग घरी करायचा नाही, तो देखरेखीखालीच होतो. पण यकृतातली चरबी उतरली की सकाळची साखरही उतरते, हे त्यातून स्वच्छ दिसले. उलट बाजूने पाहायचे तर २०२१ मध्ये ३३ अभ्यासांतील पाच लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. फॅटी लिव्हर असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा दुपटीहून जास्त, २.१९ पट निघाली.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टींची व्याप्ती केवढी आहे? आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीच्या २०२३ च्या निष्कर्षांनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले. देशातील अभ्यासांचा २०२२ मधील एकत्रित आढावा सांगतो, की शंभरातल्या ३८ प्रौढांच्या यकृतात चरबी आहे. ‘सगळ्यांनाच असतं’ हे वाक्य संख्येच्या दृष्टीने फारसे चूक नाही. सगळ्यांना आहे म्हणून ते निरुपद्रवी आहे, हा निष्कर्ष मात्र साफ चूक आहे.

‘पण मी तर बारीक आहे’ असे म्हणणाऱ्यांनी पुण्यातल्या संशोधनाकडे पाहावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. डॉ. याज्ञिक यांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची इंग्लंडच्या साउदम्प्टनमधील बाळांशी तुलना केली होती. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकलेली. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, टेप घ्या. टेप पँटच्या पट्ट्याच्या जागी लावायची नाही. पोट सुटलेल्या पुरुषांचा पट्टा पोटाखाली गेलेला असतो आणि माप कमी भरते. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून, श्वास सहज सोडल्यावर माप घ्यायचे. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेले की धोका धरावा. मान, काखा काळ्या आणि मखमलीसारख्या जाड दिसू लागल्या असतील, तर ते मळाचे लक्षण नाही, चढ्या इन्सुलिनचे आहे. मुलामुलींच्या माना घासत बसणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. पीसीओडी असलेल्या आणि गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रियांनाही हाच धोका असतो.

आता तपासण्या. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) ५.७ ते ६.४ यांपैकी काहीही असेल तर ती प्रीडायबेटिसची, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्याची अवस्था. (जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची रेषा ११० ला धरते.) फॅटी लिव्हर निघालेल्या प्रत्येकाने निदान उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी दोन्ही कराव्यात, आणि ते काठावर असतील तर ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करावी. ही चाचणी पुष्कळदा नीट होत नाही. आधीचे तीन दिवस नेहमीसारखे जेवायचे असते. ‘उद्या तपासणी आहे’ म्हणून आदल्या दिवसांत भात-पोळी बंद केली तर निकाल बिघडतो. आठ तासांचा उपास हवा, पाणी चालते, चहा चालत नाही. ग्लुकोज २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचे आणि दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे. मधल्या वेळात फेरफटका नाही, विडी-सिगारेट नाही. घरून जेवून येऊन केलेली ‘पीपी’ ही या चाचणीला पर्याय नव्हे, कारण कुणी दोन पोळ्या खातो, कुणी रिपोर्ट चांगला यावा म्हणून अर्धी.

रक्त कोणत्या नळीत घेतात आणि किती वेळ पडून राहते यानेही फरक पडतो. साध्या नळीत तसेच ठेवलेल्या रक्तातल्या पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर फस्त करतात. गावातल्या संकलन केंद्रातून शहरातल्या लॅबला नमुना पोहोचेपर्यंत दोन तास गेले, तर ११२ ची साखर शंभराच्या आत येऊ शकते आणि माणूस ‘नॉर्मल’ ठरतो. साखरेसाठी करड्या झाकणाची फ्लोराइडची नळीच हवी, ती लगेच थंड ठेवायला हवी आणि रक्तातला द्रव पेशींपासून लवकर वेगळा करायला हवा. घरच्या ग्लुकोमीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरलेला असतो, त्यामुळे त्यावर निदान करू नये. एचबीए१सीलाही मर्यादा आहेत. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी झालेल्या स्त्रियांत तो खोटा वाढलेला दिसतो. सिकलसेलमध्ये खोटा कमी दिसू शकतो. सिकलसेल जास्त आढळणाऱ्या गडचिरोलीत, विदर्भाच्या इतर भागांत किंवा नंदुरबारमध्ये काम करणाऱ्यांनी केवळ एचबीए१सीवर विसंबणे योग्य नाही.

यकृताच्या बाजूने सर्वांत मोठा गैरसमज ग्रेडचा आहे. सोनोग्राफीतली ग्रेड म्हणजे यकृत मूत्रपिंडाच्या तुलनेत किती पांढरे दिसते आणि त्यातल्या रक्तवाहिन्या, मागचा भाग किती पुसट झाला आहे याचा अंदाज. यकृतात व्रण किती पडले, म्हणजे फायब्रोसिस किती, हे ग्रेडवरून कळत नाही. चरबी २० टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत सोनोग्राफीत ती चुकूही शकते, तेव्हा ‘फक्त ग्रेड १’ म्हणजे अगदी सुरुवात असे नव्हे. व्रण खूप वाढले की कधी कधी चरबी उलट कमी दिसू लागते आणि ‘सुधारणा आहे’ असा खोटा दिलासा मिळतो. रक्तातले एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम नॉर्मल आहे म्हणून यकृत ठीक, हेही खरे नाही.

व्रणांचा पहिला अंदाज कोणताही जादा खर्च न करता काढता येतो. त्याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीने (एसजीपीटीसारखेच दुसरे एन्झाइम) गुणायचे; त्याला, हजारांत लिहिलेल्या प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ, याने भागायचे. समजा वय ४८, एसजीओटी ४४, एसजीपीटी ४९, प्लेटलेट्स १ लाख ६० हजार. वर ४८ गुणिले ४४ म्हणजे २११२. खाली १६० गुणिले ७ म्हणजे ११२०. उत्तर १.८९. रिपोर्टमध्ये यातला एकही आकडा डोळ्यांत भरण्यासारखा नाही, पण १.३ च्या वर उत्तर आले म्हणजे पुढची तपासणी हवी. १.३ च्या आत असेल तर पुढे गेलेल्या फायब्रोसिसची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर वेळ न घालवता यकृततज्ज्ञाकडे जावे. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची रेषा २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचे नाही. डेंग्यूत किंवा काविळीत केलेल्या रक्ततपासणीवरून फिब-४ काढू नका. प्लेटलेट्स आणि एन्झाइम्स दोन्ही तात्पुरते बिघडलेले असतात. पुढची तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन. त्याआधी किमान तीन तास काही खायचे नाही. त्यात दोन आकडे येतात, एक चरबीचा आणि दुसरा ताठरपणाचा. लोक चरबीचा मोठा आकडा पाहून घाबरतात, पण आधी पाहायचा तो ताठरपणा, आणि तो ८ किलोपास्कलच्या आत असेल तर धोका कमी समजतात.

आता ‘तेलकट कमी खा’ या सल्ल्याविषयी. तो चुकीचा नाही, पण फार अपुरा आहे. फॅटी लिव्हरच्या रुग्णांतली ही चरबी नेमकी कुठून येते हे २००५ मधील एका अभ्यासात मोजले गेले. सुमारे ५९ टक्के चरबी शरीरातल्या साठ्यातून झिरपलेली होती, २६ टक्के यकृताने साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून स्वतः बनवलेली होती, आणि थेट खाल्लेल्या तेला-तुपातून आलेली फक्त १५ टक्के होती. भजी सोडून दिवसाला चार कप गोड चहा तसेच ठेवणाऱ्याचे यकृत का सुधारत नाही, याचे उत्तर इथे आहे. कपाला दोन चमचे धरले तर चार कपांत ३२ ते ४० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची मर्यादा शक्यतो २५ ग्रॅम ठेवायला सांगते. चार कपांच्या या हिशेबात चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटे धरलेली नाहीत. गुळाचा चहा घेतल्याने फरक पडत नाही. गूळही मुख्यतः तीच साखर आहे. तिचा अर्धा भाग फ्रुक्टोजचा आणि फ्रुक्टोज बहुतांशी यकृतातच निपटले जाते. उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासात ३० ग्रॅमहून जास्त साखर असते. फळ चावून खावे, रस काढू नये. आमरसाच्या दोन वाट्यांऐवजी जेवणाबरोबर आंब्याच्या दोन फोडी, एवढा समजूतदारपणा हंगामातही जमू शकतो.

भाकरीबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे, कारण ‘पोळी सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली, तरी साखर तेवढीच’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. ज्वारी, नाचणी, बाजरी पौष्टिक आहेत. पण एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागले तरी ४० ग्रॅमहून जास्त कर्बोदके पोटात जातात. दोन भाकऱ्या आणि वर मूद भात म्हणजे शंभरी ओलांडली. आयसीएमआर-इंडिॲबच्या २०२५ मधील आहार-विश्लेषणात भारतीयांना सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते असे दिसले, आणि मैदा-तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्यांचे पीठ घेतल्याने, एकूण कर्बोदके तेवढीच राहिली तर, मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. धोका कमी दिसला तो कर्बोदकांचा थोडा वाटा काढून तिथे डाळी-कडधान्ये किंवा दूध-दह्यातली प्रथिने घातली तेव्हा. म्हणून ताट असे वाढा: अर्ध्या ताटात भाजी, कोशिंबीर, पाव भागात घट्ट वरण, उसळ, पिठले, अंडी किंवा मासे, उरलेल्या पावात भाकरी किंवा भात, दोन्ही नव्हे. नुसत्या पातळ आमटीला प्रथिने समजू नका. वाटीभर घट्ट मटकीच्या उसळीतून ७-८ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, शंभर ग्रॅम बांगड्यातून १९-२० ग्रॅम प्रथिने मिळतात. रोजची गरज किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम.

नाश्त्याचे पोहे करायचे तर पोहे निम्मे, त्यात मोड आलेली कडधान्ये, मटार, शेंगदाणे, आणि सोबत अंडे किंवा वाटीभर दही. उपासाच्या दिवशी तर पंचाईतच होते. साबुदाण्याच्या शंभर ग्रॅममध्ये ८७ ग्रॅमच्या आसपास नुसता स्टार्च असतो, प्रथिने जवळपास शून्य. वरईही पिष्टमयच. उपास मोडायची गरज नाही. दही, ताक, मूठभर शेंगदाणे, काकडीची कोशिंबीर, एखादे फळ आणि थोडा राजगिरा यांवर तो व्यवस्थित निभतो. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. दारू अजिबात नको. ‘फक्त शनिवारी’ घेणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे, कारण आधीच चरबी असलेल्या यकृतात दारू व्रणांचा वेग वाढवते. बिनसाखरेची काळी कॉफी दोन-तीन कप चालते आणि यकृताला ती मानवते.

वजन किती उतरवायचे? ५ टक्क्यांनी उतरले की चरबी घटते, ७ ते १० टक्क्यांनी दाह कमी होतो, १० टक्के किंवा अधिक उतरले तर व्रणही मागे हटू शकतात. ७२ किलोच्या माणसाला पहिले ध्येय साडेतीन ते पाच किलो. बारीक व्यक्तीला ३ ते ५ टक्केही पुरतात. वेग आठवड्याला अर्धा किलो. दीड किलोच्या वर नको, पित्ताशयात खडे होतात. नुसती उपासमार केली तर स्नायू झडतात, आणि जेवणातली साखर उचलणारे सर्वांत मोठे इंद्रिय स्नायूच आहे. म्हणून आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे, दोन-तीन दिवस उठाबशा, भिंतीला टेकून जोर यांसारखे ताकदीचे व्यायाम, आणि दोन्ही जेवणांनंतर १०-१५ मिनिटांची शतपावली. वजन उतरले नाही तरी व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते, म्हणून काट्याकडे पाहून सोडू नका. चेन्नईच्या भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात (२००६) केवळ आहार-व्यायामाने तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी. दोन्ही एकत्र देऊन फारसा जास्त फायदा झाला नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. मेटफॉर्मिन साखरेसाठी चांगले आहे, पण यकृतातली चरबी त्याने विशेष हलत नाही. पायोग्लिटाझोन, सारोग्लिटाझार, व्हिटॅमिन ई यांची जागा ठरावीक रुग्णांत आहे आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. एसजीपीटी थोडे वाढले म्हणून कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी परस्पर बंद करणे ही धोक्याची सवय आहे. फॅटी लिव्हरच्या रुग्णांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार हेच असते. ‘लिव्हर डिटॉक्स’च्या नावाने मिळणारे काढे टाळा. २०२० मध्ये मुंबईत गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचनाही काढल्या. आशा ताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो फॉर्म भरतात, त्यात कमरेचा घेर आहेच. तो अंदाजाने न भरता टेपने मोजला जावा, त्यासाठी त्यांच्या हातात चांगली टेप आणि पुरेसा वेळ द्यावा. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी ‘फॅटी लिव्हर’ लिहिताना त्याखाली ‘साखर, लिपिड आणि फिब-४ तपासावे’ एवढी ओळ जोडावी. लॅबकडे वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स एकाच संगणकात असतात. फिब-४ आपोआप छापून यायला एक पैसाही जास्त पडत नाही. गणेशोत्सवातल्या आरोग्य शिबिरांत बोटाला टोचून साखर पाहण्याबरोबर कमरेचे माप घ्यावे आणि ज्यांचे माप जास्त आहे त्यांना उपाशीपोटी तपासणीची चिठ्ठी हातात द्यावी. आपल्या आरोग्य पुरवणीत कमरेचे माप घेण्याची रीत आणि फिब-४ चे गणित चौकटीत छापता आले, तर वाचक ते कापून फाइलला लावतील.

आपले,
मधुमेह व यकृतविकारांवर काम करणारे काही डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ